राखावे की सोडावे?

खेळाचा हंगाम चालू असतो तेव्हा लोकांचे लक्ष मैदानावर असते. पण संघाचे बरेवाईट पुष्कळदा ठरते ते मैदान रिकामे झाल्यावर. प्रेक्षक घरोघर गेलेले असतात, दिवे मालवलेले असतात, खेळाडू दुखरे गुडघे शेकत आपापल्या गावी बसलेले असतात, आणि अशा वेळी कोठेतरी एका खोलीत चार माणसे कागद पुढे घेऊन एकच खल करीत असतात : ज्याच्यावर आपली सारी मदार आहे त्या गड्याला राखावे की सोडावे? वरवर पाहता हा प्रश्न व्यापाराचा आहे. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे, आणि तो केवळ खेळापुरता नाही असे आम्हांस वाटते. म्हणून, ज्यांतील कित्येकांना खेळाची मुळीच गोडी नसेल अशा या मासिकाच्या वाचकांपुढे तो मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहो.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ चालतो त्यात पायापेक्षा हाताचे काम अधिक. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू त्याच्या हाती येतो, आणि तो दूरवर फेकावा, शेजाऱ्याच्या हाती द्यावा की स्वतःच घेऊन धावावे, हे त्याने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ठरवावयाचे असते. नाटकात सूत्रधार नांदी आटोपली की आत जातो. हा सूत्रधार मात्र शेवटचा पडदा पडेपर्यंत रंगभूमीवर असतो. साहजिकच हंगाम संपला की तेथील संघचालकांच्या बैठकी बहुधा याच एका माणसाभोवती फिरतात. इंडियानापोलिसच्या संघात पेटन मॅनिंग हा गडी १९९८ पासून होता. मानेच्या दुखण्यामुळे व शस्त्रक्रियांमुळे २०११ चा सबंध हंगाम त्याला खेळता आला नाही, आणि त्याच्यावाचून तो संघ १६ पैकी १४ सामने हरला. मार्च २०१२ मध्ये करारान्वये त्याला २ कोटी ८० लक्ष डॉलर देणे व्हावयाचे होते. ते देणे अंगावर येण्यापूर्वीच संघाने त्याला मोकळे केले, आणि एप्रिलमध्ये अँड्र्यू लक या तरुणास त्याच्या जागी आणले. पुढे मॅनिंगने डेन्व्हरच्या संघास फेब्रुवारी २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिले व तो निवृत्त झाला. आणि ज्याच्यासाठी त्याला निरोप मिळाला तो लक, दुखापतींनी जेरीस येऊन, ऑगस्ट २०१९ मध्ये वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी खेळ सोडून गेला.

हा वृत्तान्त सांगून लोक विचारतात, ‘मग चुकले कोण?’ आमच्या मते हा प्रश्नच आडवाटेचा आहे. लक दहा वर्षे खेळता आणि मॅनिंगची मान पुन्हा दुखावती, तर तोच निर्णय दूरदृष्टीचा ठरला असता. ज्या दिवशी निर्णय घ्यावयाचा त्या दिवशी पुढचे कोणासही दिसत नसते. म्हणून फळावरून निर्णयाचे शहाणपण कदाचित मोजता येईल, त्याचा न्याय मोजता येणार नाही. विचारावयाचे ते हे की, ज्याने आपल्याला उभे केले त्या माणसाला तोलण्याचा आपणांस अधिकार तरी आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या मर्यादेत?

एवढ्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे ज्यास जुनी माणसे हुतूतू म्हणत, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जो बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी परक्यांना करून दाखविला, त्या कबड्डीचे २०१४ पासून व्यावसायिक सामने होऊ लागले आणि खेळाडूंचे लिलावही होऊ लागले. ‘लिलाव’ हा शब्द माणसाच्या बाबतीत ऐकताना जुन्या वळणाच्या कानाला अजून खटकतो. पण शब्दाचा विटाळ मानून वस्तुस्थिती बदलत नाही, म्हणून तूर्त तो तसाच घेऊ. या स्पर्धेत पुण्याचा जो संघ आहे, पुणेरी पलटण, त्याची गेल्या काही वर्षांची हकीकत आमच्या प्रश्नाला इतकी चपखल बसते की ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

२०२२ मध्ये या संघाने फझल अत्राचली या इराणी पकडपटूला १ कोटी ३८ लक्ष रुपये देऊन घेतले व कर्णधार केले. त्याच्या नेतृत्वाखाली संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत गेला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरच्या संघाने तो ३३-२९ असा जिंकला. विजयाच्या इतके जवळ नेणाऱ्या कर्णधाराला कोण सोडील? पलटणीने सोडले. त्याच्या जागी कर्णधार केला तो अस्लम इनामदार, अहमदनगर (म्हणजे आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळीभानचा तरुण चढाईपटू, जो थोड्याच वर्षांपूर्वी अगदी नवख्यांच्या गटातून संघात आला होता. आडनाव इनामदार असले तरी कर्णधारपद त्याला इनामात मिळालेले नव्हते.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना भारत व इराण यांच्यात झाला. एका गुणाच्या वादावरून तो बराच वेळ अडला आणि अखेर भारताने ३३-२९ असा जिंकला. इनामदार भारताच्या संघात होता, आणि इराणच्या बचावफळीत मोहम्मदरेझा शादलू नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा धिप्पाड जवान होता. यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला, आणि त्या शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लक्ष रुपयांस घेतले. प्रत्येक संघास खेळाडूंवर ५ कोटींपर्यंतच खर्च करता येत होता; म्हणजे जवळजवळ निम्मी थैली एका माणसावर रिकामी केली. जुगार फळास आला. त्या हंगामात साखळीतील २२ सामन्यांपैकी संघ केवळ २ हरला. पकडींचे सर्वांत अधिक, ९९, गुण शादलूने मिळविले. आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणाच्या संघाला २८-२५ असे हरवून पुण्याने पहिले अजिंक्यपद जिंकले. त्या दिवशी सामना फिरविला तो पंकज मोहितेच्या चढायांनी, हेही येथे नमूद केले पाहिजे; कारण लिलावातील मोठ्या आकड्यांच्या झगमगाटात अशी नावे झाकून जातात.

यापुढचा भाग आमच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा. अजिंक्यपद जिंकून काही महिनेच झाले होते, आणि संघाने शादलूला मोकळे केले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने, म्हणजे अंतिम सामन्यात हरलेल्या त्याच प्रतिपक्षाने, त्याला २ कोटी ७ लक्षांस घेतले. इकडे इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या मध्यावरच बाहेर पडला, आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ पहिल्या सहांतही राहिला नाही. त्या वर्षीचा अंतिम सामना बालेवाडीस, म्हणजे पुण्याच्याच अंगणात, २९ डिसेंबर २०२४ रोजी झाला. त्यात हरियाणाने पाटण्यास ३२-२३ असे हरविले, आणि पुणेकरांच्या डोळ्यांदेखत पुण्याने सोडलेला गडी विजेत्यांच्या रांगेत उभा राहिला. मग पुन्हा रिकामा काळ आला, पुन्हा तोच खल. एक जायबंदी कर्णधार हाताशी होता. त्याचे काय करावे? या वेळी पलटणीने त्याला राखले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत तो पुन्हा अंतिम सामन्यात संघाचा नायक होता. तेथे दिल्लीने पुण्याला ३१-२८ असे नमविले. आणि दिल्लीच्या बचावफळीत पुण्याचा एके काळचा कर्णधार फझल अत्राचली होता.

म्हणजे एकाच संघाने भर वैभवात असलेल्या वीराला सोडले आणि पडत्या काळातील जायबंदीला राखले. इमानाचा कैवार घेणारे पहिल्या गोष्टीवरून त्या संघास कृतघ्न म्हणतील व दुसरीवरून कृतज्ञ. व्यवहाराचा कैवार घेणारे म्हणतील की दोन्ही ठिकाणी केवळ हिशेबच होता : एकाची किंमत थैलीस झेपेना, दुसऱ्याची झेपत होती, बाकी सारे भावुक प्रेक्षकांचे मनोराज्य. आम्हांस दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. परंतु इमानवाल्यांचा पक्ष आपल्या मनास अधिक गोड लागतो, म्हणून आधी त्याचीच झडती घेणे बरे.

त्यांचे म्हणणे असे की, ज्याने विजय मिळवून दिला त्याचे स्थान त्याला द्यावे. नाहीतर ‘गरज सरो आणि वैद्य मरो’ हीच नीती झाली. उपकाराची जाणीव असावी यात वाद नाही. परंतु उपकाराची फेड पद देऊन करावी काय? पद हे देणाऱ्याच्या खिशातील नाणे नसते. संघातील तेरावा गडी, जो बाकावर बसून आपल्या पाळीची वाट पाहत आहे, त्याचाही त्या पदावर काही दावा असतो; आणि म्हाताऱ्या नायकाला कृतज्ञतेपोटी दिलेली जागा ही बहुधा कोणा तरुणाच्या वाट्यातूनच कापून दिलेली असते. आपण उदार होतो ते दुसऱ्याच्या ताटातले वाढून.

ही गोष्ट आपल्या देशात नवी नाही, आणि तिचा विचार करावयास पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी असलेल्या इनामगावाइतके योग्य स्थळ आम्हांस सुचत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना अधूनमधून तेथील पांढरीच्या टेकाडांवर नेतो. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी, सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनी, ती टेकाडे उकरून सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक गाव उजेडात आणले. शंभराहून अधिक घरे सापडली. त्यांत एक घर पाच खोल्यांचे, आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार. यावरून ते गावच्या प्रमुखाचे असावे असा तर्क झाला. आणि प्रमुखाचे म्हणता येईल असे घर त्याच भागात पुढच्या काळातही आढळले, यावरून ते पद बापाकडून मुलाकडे जात असावे, असेही विद्वानांना वाटते. विद्यार्थी हे ऐकतात आणि ठरलेला प्रश्न करतात : ‘मुलगा नालायक निघाला तर?’ खापरांच्या राशीतून याचे उत्तर मिळत नाही. पण पहिल्या प्रमुखाने पाट काढला असेल, कोठार राखले असेल, आणि त्याच्या गुणांची फेड गावाने त्याच्या नातवापणतवांना करीत राहावी, ही कल्पना किती जुनी आहे हे मात्र तेथे उभे राहिले की कळते.

तेथील दफनांची रीत तर याहून विचारात पाडणारी आहे. मेलेल्या प्रौढ माणसाला घरातल्याच जमिनीखाली पुरीत, आणि पुरताना त्याचे पाय घोट्याखाली तोडीत. गेलेल्याने उठून कोठे भटकू नये, अशी काहीतरी समजूत यामागे असावी असे म्हणतात. आपल्या माणसाला राखण्याची इच्छा याहून उघड्या रूपात आम्ही कोठे पाहिली नाही. मात्र प्रमुखाच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात बसविलेला एक पुरुष सापडला, त्याची पावले शाबूत होती. ज्याच्या हाती कोठार, त्याचे पाय मरणानंतरही मोकळे, बाकीच्यांचे बांधलेले! यावर अधिक बोलणे पुराणवस्तुशास्त्रज्ञांच्या शेतात नांगर घालण्यासारखे होईल, म्हणून येथेच थांबतो.

या गावाच्या नावातच ‘इनाम’ हा शब्द आहे. इनाम काय किंवा वतन काय, कल्पना एकच : सेवा एका माणसाने करावी आणि तिचे फळ वंशाने खावे. लढाईत पडलेल्याच्या पोराबाळांना जमीन देणे यात दया होती, दूरदृष्टीही होती. पण पाटीलकी मिळविणारा हिकमती पुरुष आणि ती पाचव्या पिढीत भोगणारा निरुद्योगी वारस यांच्यामध्ये गावाने किती सोसले, हे आपल्या जुन्या तंट्यांच्या कागदांत भरपूर आहे. महाराष्ट्र सरकारने १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचे वतनी पद मोडले, तेव्हा कित्येक वाड्यांत हळहळ झाली. गाव मात्र त्यावाचून अडले नाही. तेव्हा कृतज्ञतेने पद बांधून देणे ही नीतीची पायरी मानून तिच्याकडे परत फिरण्याची हौस निदान इतिहास वाचलेल्याने धरू नये.

आणि याच वतनाची दुसरी बाजू पाहिली म्हणजे इमानवाल्यांचा पक्ष पुरता लंगडा पडतो. वतन पाटलाचे होते तसे महाराचेही होते. त्या वतनापायी थोडीशी जमीन व बलुते यांच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा सरकारच्या व गावाच्या कामाला धावावे लागे. काम किती, वेळ कोणती, नकार देता येईल की नाही, यांपैकी काहीही त्याच्या हाती नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात या वंशपरंपरागत चाकरीचा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले. ज्याला इतर लोक कायमची भाकरी म्हणत होते त्याला ते गुलामगिरी म्हणत होते, आणि त्यांचेच म्हणणे खरे होते. तेथे तर कोणी कोणाला सोडीत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या राखीतच होते! केवळ राखण्यात जर पुण्य असते तर त्या व्यवस्थेइतकी पुण्यवान व्यवस्था दुसरी नव्हती.

मग व्यवहारवाद्यांचे खरे काय? दरसाल हिशेब मांडावा, पटले तर राहावे, न पटले तर राम राम? येथे आम्हांस आपल्या खेड्यांतील सालगड्याची आठवण होते. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी सालगड्याचे साल पाडव्याला संपते व पाडव्याला सुरू होते. गुढी उभारण्याच्या आसपासचे दिवस म्हणजे त्याचा रिकामा काळ. अमेरिकेतील त्या बैठकींचा हा ओसरीवरचा अवतार. मालक ओसरीवर बसून मनाशी म्हणतो, गडी बैलाला जपतो, पण यंदा पाण्याच्या पाळीला दोनदा चुकला. याला ठेवावे की पलीकडच्या वस्तीवरचा तरणा पोरगा धरावा? यात अन्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. कारण त्याच रात्री गडीही आपल्या खोपटात बायकोजवळ मालकाला तोलीत असतो : माणूस तोंडाचा फटकळ आहे, पण धान्य वेळेवर देतो, मळेकरी दोन पैसे जास्त देतो म्हणतात, पण त्याच्याकडे रात्रीचे पाणी फार. दोन ठिकाणी दोन तागड्या लागलेल्या आहेत, आणि सकाळी दोघे भेटतात ते बरोबरीने नव्हे तरी निदान माणसासारखे भेटतात.

हा सौदा बिघडतो तो उचल आली म्हणजे. लेकीच्या लग्नाला, दवाखान्याला गड्याने आगाऊ पैसे घेतलेले असतात. पाडव्याला हिशेब होतो तेव्हा ते फिटलेले नसतात. आणि मग मालकाच्या मनात असले तर त्याने सोडावे, पण गड्याच्या मनात असूनही त्याला सुटता येऊ नये, अशी स्थिती होते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ओसऱ्या सारख्याच दिसतात. तेच साल, तोच पाडवा, तोच विडा. फरक एवढाच की दुसरीवर तागडी एकाच्याच हाती आहे.

कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्याने सांगून ठेवले आहे की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. आमचे विद्यार्थी हे वाक्य पाठ म्हणतात आणि त्यातला ‘केवळ’ गाळतात. साधन म्हणून तर आपण सर्वच एकमेकांस वापरीत असतो. शिंप्याकडे कोणी तत्त्वचर्चेला जात नाही. दोष आहे तो ‘केवळ’मध्ये. आणि ‘केवळ’ची कसोटी, आम्हांस दिसते ती, भावनेची नसून अगदी रोकडी आहे : ज्याला तुम्ही तोलता त्याला तुम्हांस तोलण्याची आणि नको म्हणण्याची सोय आहे की नाही? असेल तर शादलूला सोडणारा संघ कृतघ्न नाही, केवळ काटकसरी आहे. नसेल तर कितीही हारतुरे घालून राखले तरी ते राखणे इनामगावच्या त्या पाय तोडलेल्या माणसासारखे.

या कसोटीवर परदेशातले दोन दाखले उद्बोधक आहेत. युरोपात फुटबॉलच्या संघांत अशी रीत होती की करार संपला तरी नव्या संघाने जुन्याला रक्कम मोजल्याशिवाय खेळाडूला जाता येत नसे. बेल्जममधील झां-मार्क बॉसमन या फारशा नामांकित नसलेल्या खेळाडूने त्याविरुद्ध दावा लावला, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने ती रीत बेकायदा ठरविली. दावा चालू असता त्याची स्वतःची खेळातील उमेदीची वर्षे निघून गेली. सुटका झाली ती मागून आलेल्यांची. दुसरा दाखला मॅनिंगचाच. त्याला सोडले हे खरे. पण सुटल्यावर त्याला अनेक संघांनी बोलाविले, तो त्यांच्या शिक्षकांना भेटला, त्यांची मैदाने पाहून आला, आणि त्याने डेन्व्हर निवडले. इंडियानापोलिसने आपल्या तागडीत त्याला तोलले. मग काही दिवस त्याने आपल्या तागडीत इतरांना तोलले. म्हणून त्या निरोपात दुःख असले तरी अपमान नव्हता.

आमच्या कबड्डीच्या लिलावात ही दुसरी तागडी नाही. खेळाडू गटात नाव घालतो, बोली लागते, हातोडा पडतो तेथे तो जातो. शादलू पाटण्याहून पुण्यास, पुण्याहून हरियाणास, आणि २०२५ मध्ये २ कोटी २३ लक्षांस गुजरातेत गेला. यांतील प्रत्येक ठिकाणी त्याला हवे म्हणणारे होते, पण ‘मला तेथे जावयाचे आहे’ असे त्याने म्हणण्याची जागा त्या मांडणीत नव्हती. यावर कोणी हसून म्हणेल, ‘दोन कोटी घेणाऱ्याची कसली कीव करता?’ त्याची कीव आम्ही करीत नाहीच. ५ कोटींच्या थैलीचे बंधन आहे म्हणून सर्वांत श्रीमंत मालक सर्व चांगले गडी घेऊन बसत नाही, व सामने रंगतदार होतात, हाही त्या पद्धतीचा गुण आम्ही मानतो. पण त्याच लिलावात २०२३ साली सर्वांत खालच्या गटाची पायाभूत रक्कम ९ लक्ष होती, आणि त्याही खाली, कोणीच बोली न केलेली नावे होती. शिरूर-दौंडकडच्या एखाद्या गावचा मुलगा, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून दम घुमवून शिकलेला, त्या यादीत कोठे असेल याचा विचार करावा. त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली म्हणजे त्याच्यासाठी दुसऱ्या हंगामाची वाट पाहणारा संघ असेल काय? इनामदाराला राखले याचा आनंद आहे. परंतु कर्णधाराला राखणे हा न्यायाचा पुरावा होत नाही. तो पुरावा तेराव्या गड्याजवळ मागावा लागतो.

आता वाचकांपैकी काहींना हे सारे आपल्यापासून दूरचे वाटत असेल, तर आम्ही त्यांना आपल्याच मुलाबाळांच्या नोकऱ्यांकडे बोट दाखवितो. महाविद्यालयांतून आज पुष्कळ अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. जितके तास शिकविले तितक्यांचे पैसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. मार्चअखेर वर्ग संपतात, परीक्षांची धांदल उडते, आणि मग दोन महिने कोणत्या तरी खोलीत आमच्यासारखी कायम नोकरीत केस पिकलेली माणसे यादी पुढे घेऊन बसतात : याला पुन्हा बोलवावे की त्या दुसऱ्याला? याचा निकाल चांगला लागतो, पण मुले म्हणतात हा भरभर बोलतो. हिने संशोधन पुरे केले आहे, पण ती बारामतीहून येते आणि पहिल्या तासाला पोचत नाही. ही चर्चा आम्ही ऐकली आहे, तीत बोललोही आहो. ती करणारी माणसे दुष्ट नसतात. ज्याला शिकविता येत नाही त्याला केवळ दया म्हणून साठ मुलांसमोर उभे करणे हा त्या साठ मुलांवर अन्याय, हेही आम्ही पदावर कृतज्ञतेची फेड करण्याविरुद्ध जे म्हटले त्याच न्यायाने मानतो. तोलावेच लागते.

परंतु ज्याला तोलावयाचे तो या वेळी कोठे असतो? तो आपल्या गावी असतो. मे महिन्यात लग्नांना जातो. नातेवाईक विचारतात, ‘यंदा कोठे?’ आणि तो ‘तेथेच’ म्हणतो, कारण दुसरे काय म्हणावे हे त्याला ठाऊक नसते. दुसऱ्या महाविद्यालयात विचारावे, तर तेथेही यादी जून उजाडल्यावाचून ठरत नाही. शेतकऱ्याच्या सालगड्याला निदान पाडव्याला समजते. याला समजते ते कोणा ओळखीच्या कारकुनाकडून, किंवा वर्ग सुरू झाल्यावर वेळापत्रकात आपले नाव नाही हे पाहून. त्याची तागडी मोडली ती कोणी दुष्टाव्याने नव्हे; त्याला वेळ दिला नाही, एवढ्यानेच. मॅनिंगला मार्चमध्ये मोकळे केले आणि हंगाम सप्टेंबरात होता; मधल्या सहा महिन्यांत माणूस आपले घर दुसरीकडे बांधू शकतो. सोडण्याचा अधिकार ज्याला हवा त्याने तारीख आधी सांगण्याचे बंधन घ्यावे, ही काही फार मोठी मागणी नाही. सालगड्याच्या पाडव्याने ती शतकानुशतके पुरी केली आहे.

त्याबरोबर आणखी एक लहानशी गोष्ट. सोडल्याची बातमी ज्याची त्याला प्रथम, आणि तोंडावर, कळावी. वर्तमानपत्रातून, सूचनाफलकावरून, लिलावाच्या यादीत आपले नाव पाहून ती कळू नये. याने त्याची मिळकत दमडीने वाढत नाही, हे खरे. पण समोर बसवून कारण सांगावयाचे झाले म्हणजे सांगणाऱ्यालाच ते कारण पुन्हा एकदा तपासावे लागते, आणि पुष्कळ कारणे बंद खोलीत जितकी ठाम असतात तितकी माणसाच्या डोळ्यांसमोर राहत नाहीत. मग कदाचित तो म्हणतो, ‘बसने पहिल्या तासाला पोचत नाही हे खरे, पण तो तास दुसऱ्याला द्याल तर मी दुपारचे दोन घेईन.’ बंद खोलीत ही तोड कोणालाच सुचलेली नसते, कारण तीत बारामतीची बस पकडणारे कोणी नसते.

येत्या मार्चमध्ये आमच्या विभागाची यादी होईल. ज्यांची नावे तीत नसतील त्यांना एप्रिल संपण्यापूर्वी बोलावून घ्यावे, असे आम्ही विभागाच्या बैठकीत मांडणार आहो. आणि कोणत्या महाविद्यालयात कोणता विषय शिकविणारा हवा आहे याची चार पत्रे आधीच लिहून जवळ ठेवणार आहो.